आजीने प्रिंट बघून विचारलं, "माजे हात खंय?" (एचिंगमधलं म्हातारपण)

सुरंगी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय थोडा आडवाटेचा आहे. पण कोकणातली आणि चित्रांत रमणारी माणसं इथे पुष्कळ आहेत, म्हणून विचारायचं धाडस करते.

मी प्रिंटमेकिंग शिकले, मुंबईत काही वर्षं काम केलं आणि आता शिरोड्याजवळ आमच्या घरी परत आलेय. पडवीत हाताने फिरवायचा एक छोटा प्रेस बसवलाय. घरात आई, बाबा आणि आजी. आजी ८६ वर्षांची. लग्न होऊन या घरात आल्यापासून गुडघे बोलायला लागेपर्यंत ती मिठागरात कामाला जायची. पाऊस उतरला की वाफे तयार करायचे, मग मिरगापर्यंत मीठ ओढायचं.

गेल्या उन्हाळ्यात मी तिचं एचिंग केलं. ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर द्यायचा. निरांजनावर वाटी धरून काजळ धरतात तसा तो थर धुरावर काळा करायचा. मग सुईने त्यावर रेघा काढायच्या. तांबं कोरायचं नसतं, फक्त थर सारून ते उघडं करायचं. पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये सोडला की उघडं झालेलं तांबं तेवढंच खाल्लं जातं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल जाते आणि छापल्यावर काळी येते. नंतर थर पुसून खाचांत शाई भरायची, वरची शाई खळ दिलेल्या मलमलीने आणि शेवटी तळहाताने पुसायची, आणि भिजवलेला कागद वर ठेवून पत्रा प्रेसमधून काढायचा.

आजी ११ दुपारी बसली माझ्यासाठी. मी तिचा चेहरा काढला, फक्त चेहरा. डोळ्यांखालची पिशवी, वरच्या ओठावरच्या उभ्या चुण्या, दात गेल्यामुळे आत बसलेलं तोंड, कानाची लोंबलेली पाळी आणि तिच्यातलं लांबलेलं भोक. मला वाटलं, साधलं.

पहिला प्रिंट घेऊन ती खळ्यात उजेडात गेली. खूप वेळ बघितला. कागद उलटा करून मागची बाजूसुद्धा बघितली. मग म्हणाली, "माजे हात खंय गो?"

मी म्हटलं, आजी, हे चेहऱ्याचं चित्र आहे. तर म्हणे, "तोंड तर सगळ्यांकाच आसता. आगरात काम काय तोंडान केलंय मी?"

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. आम्हाला शिकवलं होतं की पोर्ट्रेट म्हणजे चेहरा, आणि म्हातारा चेहरा म्हणजे तर रेघांची मेजवानी. आता वाटतं, मी आजीला बघत होते की तिच्या सुरकुत्यांना? एका गॅलरीत हा प्रिंट दाखवला तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं, म्हाताऱ्या चेहऱ्यांना गिऱ्हाईक नसतं, थोडा हसरा करून आणा. त्याचं बोलणं लागलं नाही इतकं आजीचं लागलं.

तुम्ही पाहिलेली अशी चित्रं सांगा, ज्यांत म्हातारं माणूस बिचारं दिसत नाही आणि उगाच देवासारखंही दिसत नाही. आणि ते कसं साधलंय तेही, जमलं तर.

राळ_आणि_मेण

सुरंगी, तुझा धागा वाचून बरं वाटलं. मी सावंतवाडीचा. ३० वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, त्यातली बरीचशी सुई आणि ॲसिड यांच्यात गेली.

डच चित्रकार रेम्ब्रांटपासून सुरुवात करावी लागेल, इलाज नाही. त्याचा जन्म १६०६ चा. आयुष्यात त्याने सुमारे ३०० एचिंग्ज केली. १६२८ साली, म्हणजे हा बाविशीचा पोरगा असताना, त्याने एका म्हातारीचं डोकं काढलं. ती त्याची आई, असं परंपरेने मानतात. सगळं चित्र जेमतेम अडीच इंचाचं. तळहातावर मावतं. कधी चांगली छपाई बघायला मिळाली तर भिंग घेऊन बघ. सुरकुती म्हणून एकही लांब रेघ सापडणार नाही. तुटक, बारीक, कुठे नुसते ठिपके, आणि मधे मधे कोरा सोडलेला कागद.

नवशिक्याची चूक इथेच होते. त्याला सुरकुती म्हणजे रेघ वाटते. सुरकुती ही घडी असते. तिला एक उजेडाचा काठ असतो आणि एक सावलीचा. नुसती रेघ मारलीस तर चेहऱ्यावर ओरखडे दिसतात आणि माणूस जखमी वाटतं. घडी काढलीस तर त्याखाली हाड आहे, मांस आहे, कोणीतरी जगतंय हे कळतं.

आपल्या सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर सगळ्यांना माहीत आहेत, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या त्या समईवाल्या बाईच्या चित्रामुळे. तिथे उजेड जलरंगातून येतो, बोटांच्या फटींतून गुलाबी होऊन झिरपतो. एचिंगमध्ये उजेड घालता येत नाही. जिथे हात लावला नाहीस तिथेच तो उरतो. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय काढायचं यापेक्षा काय काढायचं नाही यात सगळी कसोटी आहे.

तुझ्या आजीचा हातांचा प्रश्न मात्र मोठा आहे. त्यावर रेम्ब्रांटचा लुटमा बघ. यान लुटमा, ॲमस्टरडॅमचा सोनार. १६५६ साली त्याचं एचिंग केलं तेव्हा लुटमाचं वय सत्तरीच्या पुढे होतं. सिंहाच्या तोंडाच्या कोरीव खुर्चीत बसलाय, पापण्या जड झाल्यात, अंगावर जाड कोट. शेजारी टेबलावर त्याची हातोडी, ठोकायच्या पंचांचं भांडं आणि चांदीचं घडवलेलं पात्र. हातात धातूची छोटी मूर्ती. तो कोण आहे हे चेहऱ्याआधी टेबल सांगतं. आणि चेहऱ्यावर कुठेही, बघा मी किती थकलोय, असं नाही.

पहिल्या अवस्थेच्या छपाईत त्याच्यामागे भिंत सपाट आहे. नंतर रेम्ब्रांटने पत्र्यावर पुन्हा काम करून खिडकी घातली. त्याच म्हाताऱ्याला मागून उजेड मिळाला आणि तो खोलीत बसला. तुझाही पत्रा संपलेला नाही, लक्षात ठेव.

वखारीशेजारी

रेम्ब्रांटचं नाव निघालं म्हणून वेंगुर्ल्याहून लिहितोय. आमच्या गावातली पडकी डच वखार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. डच ईस्ट इंडिया कंपनीने वेंगुर्ल्यात बस्तान बसवलं ते १६३७ साली. तेव्हा रेम्ब्रांट ॲमस्टरडॅममध्ये होता आणि त्याच कंपनीच्या जहाजांतून त्याच्या शहरात आशियातला माल उतरत होता. जपानी कागदही कंपनीनेच नेला. १६४० नंतरच्या दशकांत त्याने आपली बरीच एचिंग्ज त्या कागदावर छापली. पिवळसर, गुळगुळीत, शाई अलगद उचलणारा कागद. म्हाताऱ्या कातडीला तो पांढऱ्याफटक युरोपी कागदापेक्षा जास्त शोभतो, हे माझं मत.

आणि दुसरी गोष्ट, जी मला फार आवडते. त्याने मुघल लघुचित्रांच्या वीसेक नकला केल्या, हाताने, रेखाटनांत. त्यांतल्या एकात चार दाढीवाले वृद्ध झाडाखाली गालिच्यावर बसलेत. १६५६ मध्ये त्याने बायबलमधल्या अब्राहमाकडे देव आणि देवदूत पाहुणे आले त्या कथेचं एचिंग केलं, त्यातली बैठक सरळ या मुघल चित्रावरून घेतलीय. परका म्हातारा देव जमिनीवर मांडी घालून बसलाय आणि यजमान म्हातारा हातात सुरई घेऊन वाकलाय. युरोपात वृद्धांना मान द्यायचा तर उंच खुर्चीत बसवत. त्याने त्यांना आपल्यासारखं खाली बसवलं आणि मान तसूभरही कमी झाला नाही.

त्यामुळे सुरंगी, आजीला खुर्चीत बसवलं असशील तर पुढच्या वेळी खाली बसव.

करवंदीची_जाळी

मी हर्णैची. चित्रातलं फार कळत नाही, पण या विषयावर राग आहे तो लिहिते.

आमच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. पर्यटक येतात, येऊ देत. पण हल्ली मोठे कॅमेरे घेऊन येणारे असतात त्यांना म्हाताऱ्या कोळणीच लागतात. तोंडाजवळ कॅमेरा नेतात. माझ्या चुलतसासूला एकाने दहाची नोट दाखवून, इकडे बघा, म्हटलं. ती सुरमईचा भाव करत होती. तिच्या धंद्याच्या मधे हा! नंतर तिचा फोटो कुणीतरी मोबाइलवर पाठवला, वर लिहिलेलं, "जीवनाचा संघर्ष". त्या बाईने त्या दिवशी चांगला धंदा केला होता. संघर्ष कुठला?

तर माझा प्रश्न. तुमच्या या मोठ्या कलाकारांनी वेगळं काय केलं? लुटमा सोनार होता, पैसेवाला, त्याचं नाव आहे. गरीब म्हाताऱ्यांची नावं लिहिली का कुणी?

राळ_आणि_मेण

करवंदी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही.

रेम्ब्रांटने तरुणपणी भिकाऱ्यांची पुष्कळ एचिंग्ज केली. त्यांची नावं नाहीत. त्याच्या आधी फ्रान्समधल्या जाक कालो याने भिकाऱ्यांची २५ चित्रांची मालिका केली होती, ती रेम्ब्रांटला माहीत होती. कालोचे भिकारी सुंदर आहेत, पण ते नमुने आहेत. हा लंगडा, हा आंधळा, ही काठीवाली. रेम्ब्रांटही तिथूनच निघाला. पण १६३० च्या एका एचिंगमध्ये दगडावर बसून हात पसरलेला, तोंड वाकडं करून ओरडणारा भिकारी आहे, आणि त्याला चेहरा दिलाय तो रेम्ब्रांटने स्वतःचा. चोविशीतला, नाव कमवायला निघालेला माणूस. दुसऱ्याची लाचारी काढायची तर आधी आपलं तोंड तिथे लावून बघावं, असं मी मुलांना त्या चित्रावरून सांगत आलो.

केटे कोलविट्झचं उदाहरण याहून स्वच्छ आहे. जर्मन चित्रकर्ती, १८६७ ते १९४५. नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका ती रोज बघत होती, त्यांच्याशी बोलत होती. तिचा धाकटा मुलगा १९१४ साली पहिल्या महायुद्धात गेला. तिने आयुष्यभर स्वतःचीही चित्रं केली, तरुणपणी एचिंगमध्ये आणि पुढे बहुतेक लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांत. सत्तरीतली तिची स्वतःची चित्रं बघा. खांदे उतरलेत, केस मागे ओढलेत, तोंड घट्ट. दुसऱ्या म्हाताऱ्यांना जितकं सडेतोड काढलं तितकंच स्वतःला.

समईची_वात

मी फक्त एका चित्राबद्दल लिहिणार आहे. गुहागरला राहते. माझे सासरे शेवटची सहा वर्षं आंधळे होते, काचबिंदूने.

रेम्ब्रांटचं १६५१ चं एचिंग आहे, आंधळ्या तोबितचं. बायबलच्या परंपरेतली कथा. तोबित म्हातारा, आंधळा. मुलगा लांबच्या प्रवासाला गेलेला असतो. एक दिवस मुलगा परत आल्याची चाहूल लागते आणि तोबित उठून दाराकडे धावतो. पुढे मुलगा माशाचं पित्त त्याच्या डोळ्यांना लावतो आणि दृष्टी परत येते, अशी कथा. पण रेम्ब्रांटने चमत्कार काढला नाही. त्याने त्याच्या आधीचा क्षण काढला.

म्हातारा उठलाय. घाईत चरखा उलटलाय. मुलाबरोबर गेलेला कुत्रा पुढे धावत येऊन त्याच्या पायांत आलाय. एक हात समोर धरून तो दार शोधतोय, आणि हात दाराकडे नाही, भिंतीकडे चाललाय. त्याचीच सावली त्याच्या पुढे भिंतीवर पडलीय.

पहिल्यांदा पुस्तकात बघितलं तेव्हा मी रडले. आमचे अण्णा असेच उठायचे. मुंबईहून धाकटे दीर येणार असले की रिक्षाचा आवाज आधी त्यांना यायचा, आणि मग ती गडबड. मी धावत जाऊन हात धरायची आणि ते हात झटकायचे. "मी जातो." स्वतःच्या घराचं दार आपण शोधणार, हा त्यांचा हट्ट. मला तेव्हा राग यायचा. पडले तर कोण निस्तरणार, असं वाटायचं.

त्या चित्रात म्हाताऱ्याला धरायला कोणी पुढे आलेलं नाही. तो एकटा जातोय, चुकीच्या दिशेने, पण ताठ. सुरंगी, तू विचारलंस की बिचारं न दिसता म्हातारपण कसं काढायचं. मला वाटतं त्याला काहीतरी करायचं असलेलं दाखवायचं. माणसाला कुठेतरी जायचं असलं की त्याची दया येत नाही, त्याच्याबरोबर आपणही चालायला लागतो.

माडबनातला

समईताई, शब्द नाहीत.

रात्रपाळीची_सिस्टर

मी ग्रामीण भागात नर्स आहे, २२ वर्षं झाली. हातांबद्दल लिहायचं होतं.

म्हाताऱ्या माणसाचा चेहरा डॉक्टरपुढे तयार होऊन येतो. केस विंचरलेले, कुंकू नीट, पुरुष असले तर टोपी. हात तयार होत नाहीत. सलाइन लावताना मी हात बघते आणि माणसाने काय केलं ते सांगते, दहातले आठ वेळा बरोबर येतं. काजूच्या बिया फोडणारीची बोटं तेलाने काळी पडलेली असतात. जाळं ओढणाऱ्याच्या तळव्यात आडवा घट्टा. मिठागरातल्या बायकांच्या टाचा आणि बोटांच्या पेरांना भेगा असतात आणि त्या पूर्ण कधीच मिटत नाहीत.

आणखी एक. या बायकांचे ठसे झिजलेले असतात. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. परत पुस, परत लाव, तेल लाव, पाणी लाव. रांगेत मागचे ओरडतात. ज्या हातांनी घर चालवलं ते हात मशीनला ओळखू येत नाहीत, आणि मान खाली घालायची वेळ त्या बाईवर येते. मला याची फार चीड आहे.

आजीचे हात काढच.

बागायतीतला

सुरंगी, कलेतलं मला काही सांगता येणार नाही, पण तुझ्या ॲसिडाबद्दल एक. मी आंबोलीच्या पायथ्याला सुपारी आणि नारळ करतो. कोळेरोगासाठी पावसाच्या आधी बोर्डो मिश्रण मारतो, मोरचूद आणि चुना. माझी भाची परदेशात हेच छपाईचं काम शिकते. ती सांगते, जस्ताचा पत्रा मोरचूद आणि साध्या मिठाच्या पाण्यात खाल्ला जातो, आणि तिथे त्याला बोर्डो एच म्हणतात. नायट्रिक ॲसिडसारखा पिवळा धूर येत नाही. हे खरं का?

राळ_आणि_मेण

अगदी खरं. मोरचूद आणि मीठ समान वजनाने पाण्यात विरघळवायचं. पत्रा जस्ताचा हवा, तांब्यावर हे चालत नाही. रेघेत तांब्याचा लालसर भुगा साचतो, तो पिसाने सारत राहायचं, नाहीतर चावा असमान होतो. हातमोजे घाल आणि दारं-खिडक्या उघड्या ठेव. वापरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा ओहोळात टाकू नकोस, मोरचुदाने मासे मरतात. धुण्याचा सोडा घालून साका खाली बसव आणि तो वेगळा कर.

आणि हे सुचवल्याबद्दल बागायतदारांचे आभार. शिरोड्याच्या मिठाने शिरोड्याच्या मिठागरातल्या बाईचे हात कोरायचे, याहून योग्य काय असेल!

सुरंगी

दीड महिन्याने लिहितेय, माफ करा. तुमचं एकेक उत्तर मी आजीला वाचून दाखवलं. तोबितचं दोनदा वाचायला लावलं तिने. मग विचारलं, "झील गावलो मां त्येका?" म्हटलं, हो, मुलगा भेटला.

जस्ताचा पत्रा मुंबईहून मागवला. मीठ घरातलं. मोरचूद शेजारच्या वाडीतून. आजीला माजघराच्या उंबऱ्याजवळ जमिनीवर बसवलं, वखारवाल्या दादांनी सांगितलं तसं. हात मांडीवर ठेव म्हटलं, तर दोन मिनिटं ठेवले आणि उठली. चुडत (माडाची झावळी) घेऊन आली आणि हीर (पातीमधली काडी) काढायला लागली. "रिकामे हात घेवन बसतंय काय मी?"

आता हात हलायला लागले. सुरी पातीवरून ओढली जाते, हीर सुटतो, डावा हात तो बाजूला टाकतो, परत नवीन पात. मी काढत गेले आणि हात पुढे जात गेला. एका ठिकाणी अंगठा दोनदा आलाय, आधी होता तिथे आणि नंतर होता तिथे. पहिला पुसणार होते, मग राहू दिला. उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक भेग आहे, नखाच्या कडेपासून सुरू होऊन आत वळणारी. ती मी रेघेने काढली नाही. राळकाका, तुमचं ऐकून दोन्ही बाजूंना बारीक तुटक रेघा दिल्या आणि मधे पत्रा तसाच सोडला. छापल्यावर भेग पांढरी आली. मिठाने भरल्यासारखी. हे मी ठरवून केलं नव्हतं.

एक फसलंसुद्धा. थर एका कोपऱ्यात उचलला गेला आणि द्रावण आत शिरून भिंतीच्या जागी खडबडीत डाग पडला. तो घासून काढणार होते, पण आमच्या माजघराची भिंत ओलीने अशीच दिसते. ठेवला.

आता एक विचारायचंय. सिस्टरताईंचं वाचून डोक्यात आलं की पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात मऊ थर देऊन आजीचा अंगठा दाबून घ्यावा. मऊ थरात कातडीचा ठसा जसाच्या तसा उमटतो. मशीनला दिसत नाही तो अंगठा इथे छापला जाईल. करवंदीताई नावाबद्दल बोलल्या होत्या, तर हीच तिची सही. कसं वाटतं?

माडबनातला

भन्नाट कल्पना. करच.

वखारीशेजारी

अंगावर काटा आला. नक्की कर.

करवंदीची_जाळी

मला नाही पटत. राग मानू नकोस गो.

अंगठा तुम्हाला सुंदर वाटतो, कारण तुम्हाला कधी उठवायला लागला नाही. माझ्या आईला बँकेत, शाळेत, सगळीकडे शाईचा तो डबा पुढे करत. घरी आल्यावर पदराने बोट पुसत बसायची. शाई निघून गेली तरी पुसत राहायची. आमच्या आया-आज्यांच्या पिढीला अंगठा म्हणजे, हिला काही येत नाही, याचा पुरावा. तो तू चित्रावर कायमचा कोरणार. तुझा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे. पण आजीला विचारलंस का?

रात्रपाळीची_सिस्टर

करवंदी बरोबर बोलतायत. मी माझी चीड सांगितली, पण ती माझी. आजीला विचार.

समईची_वात

मीही हेच म्हणेन. मला कल्पना आवडली होती, म्हणून आधी गप्प बसले. पण अण्णा हात झटकायचे ते आठवलं.

सुरंगी

विचारलं. खरं सांगते, विचारायला दोन दिवस लागले, कारण उत्तर काय येईल ते करवंदीताईंचं वाचल्यावर समजलं होतं आणि मला माझी कल्पना सोडवत नव्हती.

आजी म्हणाली, "अंगठो थंय रेशनाक. हयसर नाव लिवतंय मी."

मला माहीतच नव्हतं. बाबा लहान असताना गावात रात्रीचे वर्ग भरायचे, तिथे ती तीन आठवडे गेली होती. नावाची तीन अक्षरं तेवढी शिकली. मग आगराचा हंगाम सुरू झाला आणि वर्ग सुटला. तिने आजवर कुठे लिहून दाखवलं नाही, कारण प्रत्येक ठिकाणी आधीच डबा पुढे यायचा.

मी कोपऱ्यात थर परत दिला, तिच्या हातात सुई दिली. सुई कशी धरायची ते सांगायला लागले तर म्हणाली, सुई माका शिकव नको. थरावर सुई फिरते तेव्हा आवाज येत नाही जवळजवळ, फक्त श्वास ऐकू येतो. तिला तीन अक्षरांना पाच-सहा मिनिटं लागली. एक काना थोडा लांब गेला आणि तिच्याच साडीच्या काठाला जाऊन लागला.

पत्रा द्रावणात टाकल्यावर मला आठवलं. नाव उलटं छापलं जाणार! मी तिला आधी सांगायला हवं होतं. उलटं लिहायला लावायला हवं होतं, किंवा कागदावरून उलटं उतरवून घ्यायला हवं होतं. काहीच सुचलं नाही त्या वेळी. आता प्रिंट समोर आहे. आजी हीर काढतेय, नाकातली चमकी दुसऱ्या बाजूला गेलीय, आणि खाली तिचं नाव आरशातल्यासारखं. काय करू? अक्षरं घासून परत लिहून घेऊ?

राळ_आणि_मेण

हात लावू नकोस.

१६२९ सालचं रेम्ब्रांटचं एक आत्मचित्र आहे, विस्कटलेल्या केसांचं, त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या एचिंग्जपैकी. त्यावर त्याची आद्याक्षरं आणि साल उलटं छापलं गेलंय. पत्र्यावर सरळ लिहून मोकळा झाला होता. तेविशीतला होता. आज कोणी त्याला दोष देत नाही.

तुझ्या आजीचं अक्षर पहिल्या फटक्यात आलंय. घासून परत काढायला लावलंस तर दुसऱ्या वेळी ती तुझ्यासाठी लिहील.

करवंदीची_जाळी

उलटं असलं तरी तिने लिहिलंय. राहू दे.

सुरंगी

राहू दिलं.

आज सकाळी प्रिंट वाळला. आजी तो घेऊन कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली, छातीशी धरून. आरशात नाव सरळ दिसलं. बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं. मग हातांकडे आली. दुसऱ्या अंगठ्यावर थांबली, जो मी पुसला नाही, आणि विचारलं, "हयसर दोन कशे?" म्हटलं, तू हलत होतीस. "मगे कामात हात हलतलोच," म्हणाली आणि पुढे बघायला लागली.

बाबा म्हणाले, फ्रेम करून भिंतीवर लावूया. आमच्याकडे भिंतीवर आजोबा आहेत, पणजी आहे, सगळ्यांना हार आहेत. आजीने लगेच सांगितलं, "भिंतीर लावू नको हां. अजून आसंय मी." तिने आपल्या पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाच्या पाकिटावर, जागा केलीय.

एकूण ९ प्रिंट काढले. एक आजीचा. करवंदीताई, समईताई, सिस्टरताई, तुम्हाला एकेक पाठवायचाय, पत्ते निरोपातून कळवा. राळकाका, तुमच्याकडे मी स्वतः घेऊन येते. बागायतदारदादा, तुम्हाला तर द्यायलाच हवा.

पाऊस तोंडावर आलाय. पेटीत कागदाला बुरशी धरेल का?

राळ_आणि_मेण

धरेल, काळजी घेतली नाहीस तर. ॲसिड नसलेल्या कागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेव, वर्तमानपत्रात नको. डांबराच्या गोळ्या पेटीत चालतील, पण पुरचुंडी बांधून कोपऱ्यात, कागदाला लागता कामा नयेत. पत्रा घाम धरतो, म्हणून तळाला आधी जुनी सुती साडी घाल. आणि पावसात ऊन पडेल त्या दिवशी पेटी उघडून प्रिंट तासभर बाहेर काढ, सावलीत. उन्हात नाही.

सुरंगी

साडी आजीने आधीच घातलीय. कळवते काकांना दर उघडिपीला.